दुसऱ्यांदा ओतायचं मेण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



सेवेचा विषय निघाला की मेणबत्तीचा दाखला हमखास येतो. स्वतः जळते, दुसऱ्याला उजेड देते. ऐकायला गोड वाटतं. पण हे बहुतेक वेळा त्यालाच ऐकवलं जातं, जो घरात आधीच सगळ्यांत जास्त राबतोय. म्हणून आज हा प्रश्न घेऊ या: सेवा म्हणजे स्वतःला जाळून संपवणं का? आणि "आता माझ्याच्यानं होत नाही" असं म्हणणारा सेवेत कमी पडला का?

दिवाळीआधी आपल्यापैकी कित्येकांच्या घरी काचेच्या ग्लासात मेणबत्त्या बनतात. ज्यांनी हे काम हातानं केलंय, त्यांना या दाखल्यातली गोम लगेच कळेल.

नुसती सुताची वात पेटवून बघा. भुर्रकन जळते, धूर होतो, संपली. तीच वात मेणात उभी केली की तासन् तास तेवते. वितळलेलं मेण वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी फक्त मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली, त्यांत हेच समजावलं होतं. म्हणजे वातीचं निम्मं काम जळण्याचं, निम्मं शोषून घेण्याचं. जो काही घेतच नाही, तो देणार कुठून? वेळेवर दोन घास, पुरती झोप, शांतपणे नामस्मरण, कुणाशी तरी मोकळं बोलणं. ही चैन नव्हे, हे मेण आहे.

मग काय, सगळ्यांनी स्वतःला जपतच बसायचं? तसंही नाही. ग्लासातली नवी मेणबत्ती दहा-दहा मिनिटं लावून विझवली, तर वातीभोवती नुसता खड्डा पडत जातो आणि कडेचं मेण तसंच राहून जातं. पहिल्यांदा लावली की मेण काचेच्या कडेपर्यंत वितळू द्यावं लागतं. अर्ध्या मनानं केलेली सेवा अशीच असते, बरंचसं आपल्यापाशीच पडून राहतं. उलट ग्लासाच्या मानानं वात फार जाड झाली, तर ज्योत मोठी होते, काजळी धरते, काच तापून तडकूही शकते. आळस आणि अतिरेक, दोन्ही दोषच. वात ग्लास बघून निवडायची असते, शेजाऱ्याची ज्योत बघून नाही.

मेण वितळवण्यातही एक शिकवण आहे. पॅराफिन साधारण ५० ते ६५ अंशांवर वितळतं. पण ते थेट आचेवर ठेवत नाहीत, कारण फार तापलं तर पेट घेतं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं. पाणी मध्ये असलं की आच मर्यादेत राहते. सेवेसाठी कुणाला बोलावताना आपण काय करतो? "एवढंही जमत नाही का तुम्हाला?" ही थेट आच झाली. माणूस पाघळतो खरा, पण आतून पेटतोही.

आता खरी गोष्ट. मेण ओतलं, वर साय धरली, सगळं गुळगुळीत दिसतं. पण पॅराफिन निवताना आकसतं आणि वातीच्या अगदी जवळ, वरच्या थराखाली, पोकळी राहते. जाणती माणसं सुई घेऊन वातीशेजारी टोचतात, पोकळी उघडी करतात आणि थोडं राखून ठेवलेलं मेण पुन्हा ओततात. मेणबत्ती स्वतःची पोकळी स्वतः भरू शकत नाही. कुणीतरी बाहेरून ओतावं लागतं.

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं वर्षानुवर्षं करणारी सून, किंवा आजारी बायकोचं सगळं एकट्यानं करणारे काका. यांना "थोडी विश्रांती घ्या" म्हणणं सोपं आहे. घेणार कशी? पाळी बदलायला दुसरं माणूसच नाही. तेव्हा त्यांनी किती जळावं, हा प्रश्न त्यांना विचारायचाच नाही. मेण राखून कुणी ठेवलंय, हे आपण आपल्याला विचारायचं. त्यांचा हसरा चेहरा ही वरची साय आहे. आपण तीच बघून "काय सेवा आहे!" म्हणतो आणि घरी जातो. त्यांच्या त्यागाचं कौतुक करून आपली जबाबदारी टाळणं, हा दोष मात्र आपल्या पदरी पडतो.

ग्वाल्हेरच्या थंडीत काय नि हैदराबादच्या उकाड्यात काय, या आठवड्यात प्रत्येकानं एवढंच करावं. आपल्या ओळखीतलं असं एक घर आठवा. नुसता फोन नको, जा. "कशा आहात?" एकदा विचारलं की "बरी आहे" असं उत्तर येतं, ती साय. थोडं थांबून पुन्हा विचारा. आणि मग म्हणा, "आज रात्री मी बसतो, तुम्ही झोपा."

दुसऱ्यांदा ओतलेलं मेण वरून वेगळं दिसत नाही. कुणाचं नावही त्यावर नसतं. सद्गुरूंना तीच सेवा पोचते, असा आमचा भाव आहे.

जय गुरुदेव.