बापाची लाज आणि लेकराचा अर्ज

बोईसरच्या फलाटावर सकाळच्या गाडीची वाट पाहत बसलेली एखादी माता वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. उमरोळीचे एक स्टेशन मागे टाकले की पालघर. अंतर फार नाही, पण जिल्ह्याच्या कचेरीत जावयाचे म्हणजे तिची त्या दिवसाची मजुरी बुडाली. मांडीवर एक पिशवी आहे. तीत शिधापत्रिका, आधार कार्ड, मुलाच्या शाळेचा दाखला, तहसीलदाराकडील उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पुस्तक आणि मुलाला घेऊन घरासमोर उभे राहून काढलेला एक फोटो, इतके सर्व नीट घडी घालून ठेविले आहे. अर्जाचे सर्व रकाने कोणाकडून तरी भरून घेतले आहेत. एकच जागा कोरी राहिली आहे. ती म्हणजे मदत कोणत्या कारणास्तव हवी ती.

ती विधवा असती तर तेथे लिहावयास अडचण नव्हती. वैधव्याला सरकारी दाखला मिळतो. दारूला मिळत नाही. तिचा धनी जिवंत आहे, धडधाकट होता, औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराच्या हाताखाली कामही करीत होता. आता त्याची मजुरी घरी पोहोचण्यापूर्वीच गुत्त्यावर पोहोचते. थोरल्या मुलाने शाळा सोडली आहे आणि धाकटी संध्याकाळ झाली की शेजारच्या घरी जाऊन बसते. हे सर्व त्या कोऱ्या जागेत लिहावे काय? ज्याच्या नावाचे मंगळसूत्र गळ्यात आहे, त्याची अब्रू कचेरीच्या टेबलावर मांडावी काय?

ही बाई कोणी एक नव्हे. तारापूर-बोईसरच्या कारखान्यांभोवतालच्या चाळींत, किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या वाड्यांत, वारली व कातकरी बांधवांच्या पाड्यांत तिच्या पुष्कळ बहिणी आहेत. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार आपण सर्वांनी करणे अगत्याचे आहे. प्रश्न पैशाचा दिसतो; वस्तुतः तो सत्याचा आणि लाजेचा आहे.

प्रथम मदत कोणती आहे ते पाहू. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना पुष्कळ वर्षांची आहे. हल्ली तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले ह्यांचे नाव दिलेले आहे. आईबाप नसलेली किंवा एकच पालक असलेली, घरातील तंट्यामुळे अथवा पालकाच्या दुर्धर आजारामुळे संकटात सापडलेली मुले अनाथालयात न जाता घरच्या वातावरणात वाढावी, हा तिचा हेतू. २०२३ साली तिची रक्कम वाढवून प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य ह्या योजनेखाली, २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, प्रायोजकत्वाची रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे. २०१४ साली पालघर स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून ह्या कामासाठी ठाण्यास जावे लागत नाही. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे किंवा महिला व बाल विकास अधिकाऱ्याकडे जातो. घरी येऊन चौकशी होते, आणि बालकल्याण समितीपुढे प्रकरण ठेविले जाते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ कोणास म्हणावे हे सांगितले आहे. ज्याचे पालक त्याचा सांभाळ करण्यास असमर्थ वा अयोग्य आढळतात असे मूलही त्यात येते. म्हणजे बाप जिवंत आहे एवढ्यावरून मुलासाठी दार बंद होत नाही. तथापि बाप असून नसल्यासारखा का झाला, हे कोणीतरी सांगितल्याशिवाय ते दार उघडतही नाही. येथेच आपली माता अडते.

गप्प बसावे असे म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. पित्याची लाज झाकावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. नोहा द्राक्षारस पिऊन आपल्या डेऱ्यात उघडा पडला, तेव्हा एका पुत्राने ते पाहून बाहेर भावांस सांगितले; दुसरे दोघे पाठमोरे चालत आत गेले व त्यांनी बापावर वस्त्र घातले. ह्या गोष्टीवरून कित्येक जण असे अनुमान काढितात, की घरातील दारूविषयी अवाक्षरही काढणे म्हणजे हामाचे पाप करणे होय. परंतु गोष्ट पुन्हा वाचावी. ज्या दोघांनी झाकले त्यांनी बाप प्यालाच नाही असे कोठे म्हटले? ते घर सोडून पळाले नाहीत, किंवा काही घडलेच नाही अशा थाटात बाहेरही बसून राहिले नाहीत. काय घडले हे त्यांस ठाऊक होते, म्हणूनच ते वस्त्र घेऊन आत गेले. झाकणे आणि नाकारणे ह्यांत फार अंतर आहे.

नाकारण्याचा शेवट काय होतो, हे मराठी रंगभूमीने शंभर वर्षांपूर्वीच दाखविले. राम गणेश गडकरी ह्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील सिंधू ही पातिव्रत्याची मूर्ती मानली गेली. प्रेक्षक तिच्यासाठी रडले. पण त्या घरातील तान्हे मूल बापाच्या दारूपायी जिवास मुकते, आणि सिंधू मरतेवेळीही नवऱ्यास वाचविण्याकरिता खोटी जबानी देते. तिच्या प्रेमाची थोरवी कोणी अमान्य करणार नाही. परंतु त्या पाळण्यातल्या जिवाच्या बाजूने त्या घरात बोलणारे कोण होते, हा प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे. पतीची लाज राखण्याची किंमत जेव्हा पत्नी स्वतः देते तेव्हा तो त्याग असतो; ती किंमत लेकराकडून वसूल होऊ लागली म्हणजे त्यास त्याग हे नाव शोभत नाही.

म्हणून आमचे मत असे आहे, की ती कोरी जागा भरावी. मात्र ती कशी भरावी ह्यातच सारे नीतिशास्त्र आहे. सत्य सांगावयाचे ते ज्याच्या हाती उपाय आहे त्यास, आणि उपायास लागेल तितके. तेच सत्य नळावर, बाजारात, शाळेच्या आवारात किंवा प्रार्थनेनंतरच्या ओट्यावर सांगितले तर ती चुगली होते. वैद्यापुढे जखम उघडी करणे आणि रस्त्यावर उघडी करून बसणे ह्या एकच गोष्टी नव्हेत.

दुसरे असे, की शिव्या लिहू नयेत, घडलेल्या गोष्टी लिहाव्या. ‘बाप बेवडा आहे’ ह्या तीन शब्दांनी एका माणसाचा निकाल लागतो, पण मुलाची गरज कळत नाही. ‘वडील गेले आठ महिने नियमित कामावर नाहीत, त्यांस दारूचा आजार आहे, घरखर्चास त्यांच्याकडून काही मिळत नाही, मोठा मुलगा जूनपासून शाळेत गेलेला नाही, मुलीची वह्यापुस्तके घेतलेली नाहीत’ असे लिहिले, तर त्यात बापाचा अपमान नाही आणि लपवालपवीही नाही. आजार हा शब्द आम्ही सौजन्यापोटी योजिलेला नाही; व्यसनाधीनता हा उपचार करण्याजोगा आजार होय, असे वैद्यकशास्त्रच मानते. बाल न्याय कायद्याच्या मूलतत्त्वांतही असे आहे, की बालकासंबंधीच्या कार्यवाहीत दोषारोपाची भाषा वापरू नये. त्याच कायद्याप्रमाणे अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र वर्तमानपत्रांतून वा अन्य माध्यमांतून त्याची ओळख पटेल अशा रीतीने प्रसिद्ध करणे हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शहाण्या आजीने जे सांगितले असते तेच येथे कायद्याने सांगितले आहे.

आतापर्यंत आपण लपविण्याच्या मोहाविषयी बोललो. ह्याच्या उलट वाढवून सांगण्याचाही मोह आहे, आणि तो बहुधा आईस नव्हे, तर तिच्या वतीने लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांस होतो. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठराविक मर्यादेवरील कंपन्यांनी आपल्या सरासरी नफ्याचा निदान दोन टक्के भाग समाजकार्यास लाविला पाहिजे, व त्यात आसपासच्या भागास प्राधान्य द्यावे, असे आहे. कारखान्यांच्या प्रदेशात त्यामुळे संस्थांना अनुदान मागण्याची वाट मोकळी झाली, हे चांगलेच झाले. पण देणाऱ्याचे मन द्रवावे म्हणून दहा मुलांची वीस करणे, कधीमधी पिणाऱ्या बापास राक्षस करणे, रडणाऱ्या मुलीचा फोटो मुखपृष्ठावर छापणे, हे आपल्या हातून होऊ नये. खोट्या संख्येवर मिळविलेला पैसा दुसऱ्या कोणा खऱ्या मुलाच्या ताटातून उचललेला असतो. शिवाय मुलांना वाचता येते. आपल्या घराचे दुःख दुसऱ्याने विकावयास काढिलेले पाहिले म्हणजे त्यांच्या मनावर जो डाग पडतो, तो शिष्यवृत्तीने धुऊन निघत नाही.

कोणी म्हणेल, ‘मुलाची फी आपण भरली, तर बाप मोकळाच सुटला, त्याचे तेवढे पैसे गुत्त्याला उरले.’ ही शंका खोटी नाही. मदतीमुळे काही घरांत असे घडतही असेल. परंतु ह्या युक्तिवादाप्रमाणे चालावयाचे तर बापास धडा शिकविण्याकरिता मुलास उपाशी ठेवावे लागेल. आणि ज्याने प्याला उचलला नाही त्याच्याकडून प्याल्याचा दंड घेणे हा कोणता न्याय? ह्यावर उपाय मदत नाकारणे हा नव्हे, तर ती योग्य हाती पडेल अशी व्यवस्था करणे हा आहे. पैसे मुलाच्या किंवा आईच्या खात्यावर यावे, खाते दुसऱ्या कोणाच्या अंगठ्यावर चालू नये, आणि शाळेची हजेरी कोणीतरी आपुलकीने विचारावी. बापासही वाऱ्यावर सोडू नये. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली अनिल व अनिता अवचट ह्या दांपत्याने सुरू केले आणि पु. ल. देशपांडे व सुनीताबाई ह्यांनी त्यास आर्थिक साहाय्य दिले, हे पुष्कळांस ठाऊक आहे. तेव्हापासून कित्येक बाप सुधारून घरी परतले आहेत. बाप सुधारेल तेव्हा सुधारो. मुलाचे आठवीचे वर्ष मात्र त्याच्यासाठी थांबून राहत नाही.

राहता राहिली मागण्याची लाज. सरकारपुढे हात कसा पसरावा, असे आपल्या कष्टाळू बायांस वाटते. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की दारूच्या व्यवहारात सरकारचा हात नवा नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यापासून ताडी आणि दारू ह्यांवरील उत्पन्न सरकारी तिजोरीत जात आले आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही महाराष्ट्रात आहे, पण त्याच्याच परवान्यांवर दुकाने चालतात आणि उत्पादन शुल्क जमा होते. नवऱ्याने बाटलीमागे जे भरले त्यातला एक भाग त्या तिजोरीत गेलेला आहे. तेथून लेकरासाठी चार पैसे परत मागणे ह्यास भीक म्हणता येत नाही. मादक पेयांस आळा घालण्याचे धोरण राज्याने ठेवावे असे संविधानाच्या ४७व्या कलमात आहे. ते पुरतेपणी साधत नाही तोवर निदान मुलांचा भार उचलणे हे राज्याचे कर्तव्यच होय.

आणि आपले कर्तव्य? गावच्या मंडळीतील ज्यास चार अक्षरे येतात त्याने त्या मातेबरोबर एक दिवस पालघरास जावे. अर्ज भरून द्यावा, पोच घ्यावी, चौकशीस माणूस आला तर घर दाखवावे, आणि त्या कागदावर जे वाचले ते स्वतःच्या घरीही बोलू नये. मूल संकटात असेल आणि काय करावे हे सुचत नसेल, तर १०९८ ह्या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी करता येतो, हेही प्रत्येक पाड्यावर ठाऊक असावे.

शेवटी लिहिणाऱ्यासाठी एक कसोटी सांगतो. अर्ज लिहून झाला की मनात दोन वाचक बसवावे. एक ते मूल, वीस वर्षांचे झालेले. दुसरा तो बाप, दारू सुटून शुद्धीवर आलेला. मूल म्हणेल, ‘माझे खरे कोणीतरी सांगितले.’ बाप मान खाली घालील, पण म्हणेल, ‘ह्यात खोटे काही नाही, आणि मला कोणी शिवीही दिलेली नाही.’ दोघांनाही तो कागद वाचावयास देता येईल असा असेल, तर खुशाल सही करावी.

गाडी आली आहे. माता उठते, पिशवी छातीशी धरते. ती कोरी जागा भरण्यासाठी तिला उसनी लेखणी हवी आहे, आणि शेजारी बसून हळू आवाजात विचारणारे कोणी हवे आहे: ‘बाई, काय काय झाले ते सांगा; लागेल तेवढेच लिहू.’