मलिद्याचे ताट

कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजात नवस फेडताना अथवा मंगलकार्याच्या प्रसंगी, भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, गूळ व वेलदोडा कालवून आणि भोवती फळे मांडून जो मलिदा प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या स्मरणार्थ सिद्ध होतो, त्याचे विधान धर्मग्रंथात नाही. तथापि हिब्रू आशीर्वचने म्हटल्याविना त्यातला घास कोणी उचलीत नाही. मग हा विधी धर्माचा की केवळ मुलखाचा?

मला हा प्रश्नच सदोष वाटतो. धर्माज्ञा बहुधा निषेध सांगते. ताट भरण्याचा अखत्यार मुलखाकडे राहतो. मांस व दूध एकत्र करू नये, असा शास्त्राचा दंडक असल्यामुळे मटणाच्या कालवणात नारळाचे दूध पडते, आणि नववर्षाच्या, म्हणजे रोश हशानाच्या, चिकाच्या हलव्यातही तेच आटवले जात असल्याने सामिष भोजनानंतर तो निःशंकपणे खाता येतो. (माडांच्या मुलखात हा दंडक पाळणे तुलनेने सुखाचेच!) जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक ज्या दिवशी उपवासाने पाळायचा, त्या दिवसालासुद्धा या लोकांनी उपवास सोडतानाच्या वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा रोजा’ म्हटले.

इस्राएलमध्ये या समाजाच्या यहुदीपणाविषयी उठलेला वाद १९६४ मध्ये त्यांच्या बाजूने निकालात निघाला; मलिदा त्याआधीही होत होता, नंतरही होत राहिला.