तिच्या नावापुढे मी ‘पती’ का टाइप केलं?

जानेवारी २०२६. ठाणे महापालिकेची निवडणूक २०१७नंतर पहिल्यांदाच होत होती. माजिवडा नाक्यावर रिक्षाच्या रांगेत उभा राहून मी उमेदवारांची नावं मोबाइलवर शोधत होतो. प्रभागात चार जागा, म्हणजे मतंही चार. पुरुषाच्या नावापुढे टाइप केलं ‘काम’. बाईच्या नावापुढे ‘पती’.

कुणी सांगितलं नव्हतं. बोटं आपोआप चालली. मग आठवलं, एका आडनावाशीही मी असाच अडखळलो होतो. मनात आलं होतं, ‘हा खुल्या जागेवर कसा?’ अमेरिकेत मतदार उमेदवाराचा वर्ण बघतात, आपण आडनाव वाचतो.

तुम्ही म्हणाल, अनेक ठिकाणी कारभार नवराच बघतो, मग शोधलं तर काय चुकलं? मुद्दा खरा आहे. पण वडिलांच्या पुण्याईवर उभ्या राहिलेल्या मुलाला आपण ‘वारसदार’ म्हणतो आणि नवऱ्याच्या पुण्याईवर उभ्या राहिलेल्या बाईला ‘डमी’. शिडी दोघांनीही उसनीच घेतलेली असते.

महाराष्ट्रात २०११पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. उरलेल्यांना आपण सहज ‘पुरुषांच्या जागा’ म्हणतो. कायद्याने त्या सगळ्यांच्या आहेत. तशी खुली जागाही कुठल्या एका जातीची नाही. तरी तिथे उभं राहिलेल्या दलित उमेदवाराला ‘तुम्हाला राखीव जागा आहे ना?’ असं विचारलं जातं.

ही नजर बदलते का? शेजारच्या मुंबईचं उदाहरण बघा. १९९७मध्ये महिलांसाठी राखीव असलेले काही प्रभाग २००२मध्ये खुले झाले. राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भावनानी यांना दिसलं, की आधी राखीव नसलेल्या प्रभागांच्या तुलनेत तिथे बाई निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट होती. एकदा जिंकलेल्या बायका पुन्हा उभ्या राहिल्या आणि बाई जिंकू शकते हे पक्षांनाही कळलं.

पश्चिम बंगालमधला एक अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. गावकऱ्यांना एकच भाषण ऐकवलं, कधी पुरुषाच्या आवाजात, कधी बाईच्या. जिथे सरपंचपद बाईसाठी कधीच राखीव नव्हतं, तिथल्या पुरुषांना बाईचा आवाज कमी सक्षम वाटला. जिथे बाईचा कारभार पाहिला होता, तिथे हा फरक जवळपास मिटला. गंमत म्हणजे ‘नेता पुरुषच बरा’ ही आवड मात्र तिथेही फारशी बदलली नाही.

मला हा भाग महत्त्वाचा वाटतो. आवड लहानपणापासून अंगात मुरते, तिचा सगळा दोष माझ्यावर येत नाही. पण योग्यता ठरवताना आवड बाजूला ठेवता येते. बंगालमधल्या त्या पुरुषांना जमलं. म्हणजे सवय माझी नसली, तरी ती लक्षात आल्यावरही तशीच चालू ठेवणं हा माझा निर्णय ठरतो. ती बाई आहे म्हणून मत देणं हाही त्यावरचा उपाय नाही. तसं केलं तरी मी तिचं काम बघत नाहीच. चौघांना एकच प्रश्न विचारायचा, इतकंच.

रांग पुढे सरकली. मी ‘पती’ खोडून ‘काम’ टाइप केलं. फारसं काही सापडलं नाही. मग पुरुषाचं पान पुन्हा उघडलं. तिथेही काहीच नव्हतं. ‘याने काहीतरी केलं असेलच’ असं मघाशी मीच धरून चाललो होतो.

तिच्याकडे मी पुरावा मागत होतो. त्याला तो कधी मागितलाच नव्हता.