नांगर टाकण्याआधी

बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या आमच्या घरी डिसेंबर लागला की जेवणाच्या टेबलावर नौकानकाशा येतो. मालवणपासून कारवारपर्यंतचा किनारा आणि त्याच्या पश्चिमेला पाण्याच्या खोलीचे बारीक आकडे. पानं मांडताना तो गुंडाळायचा आणि ताटं उचलली की पुन्हा उलगडायचा. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर, किनाऱ्यापासून साडेतीनशे किलोमीटरवर बसून मी हे करते याचं घरी येणाऱ्यांना नवल वाटतं. पण हे नकाशे तयार करणारं नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालयही देहरादूनला, हिमालयाच्या पायथ्याशी आहे. रात्र कुठे काढायची हा निर्णय समुद्रावर गेल्यावर घ्यायचा नसतो. तो घरीच, पाय जमिनीवर असताना, हातात पट्टी-पेन्सिल घेऊन घ्यायचा असतो.

दादाची आठ मीटर लांबीची शिडाची बोट गोव्यात असते. दर जानेवारीत चार-पाच दिवस आम्ही तिच्यावर किनाऱ्याकिनाऱ्याने जातो. दिवसाची चाल ठरवणं सोपं आहे. अवघड असतो तो मुक्काम. मराठी माणूस पत्त्याची सुरुवातच ‘मु. पो.’ने करतो. वर्षानुवर्षं एकाच गावात राहणाऱ्याच्याही नावाखाली ‘मुक्काम’ लिहिलेलं असतं. या शब्दाचा खरा अर्थ मला बोटीवर कळला. मुक्काम ही रात्रीची जागा, आणि रात्र संपताना ती सोडायची असते.

आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात वाऱ्याचा रोजचा एक क्रम असतो. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो तो हाच. दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून वायव्येचा खारा वारा सुरू होतो. तो चार-पाच वाजता चांगला जोर धरतो आणि सूर्यास्तानंतर मंदावतो. मध्यरात्रीनंतर थंड झालेल्या जमिनीवरून मतलई वाहू लागतो आणि सकाळपर्यंत टिकतो. मोटार नसलेली गलबतं शेकडो वर्षं या दोन वाऱ्यांवर चालली. पहाटे मतलईवर बाहेर पडायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर पुढे सरकायचं, संध्याकाळी आडोशाला यायचं. म्हणून संध्याकाळच्या जागेला वायव्येकडून डोंगराची सोंड हवी आणि पूर्वेकडची जमीन जवळ हवी. दक्षिणेला जाताना खारा वारा पाठीशी असतो. परतताना तोच तोंडावर येतो, आणि मग सगळी भिस्त पहाटेच्या मतलईवर. त्यामुळे जाताना सोयीची वाटलेली जागा येताना तशी राहत नाही. नकाशावर खूण एकच असते, पण मुक्काम दोन असतात.

1665च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन बसरूरवर गेले. इंग्रजांच्या कागदांत 85 लहान युद्धनौका आणि तीन मोठी जहाजं अशी नोंद आहे. बसरूर आजच्या कुंदापूरजवळ, नदीत आत शिरल्यावर येतं. मालवणहून तिथवरचं अंतर दीडशे सागरी मैलांच्या घरात आहे. त्या मोसमात जाताना वारा पाठीचा, हे त्या आरमारातल्या प्रत्येक तांडेलाला माहीत असणार. परतीला महाराज गोकर्णाला उतरले, बहुतेक जहाजं पुढे पाठवली आणि स्वतः अंकोल्याकडे जमिनीच्या वाटेने गेले. नद्या ओलांडण्यापुरती थोडी गलबतं सोबत ठेवली. मोहिमेचं वर्णन वाचताना आपलं लक्ष लुटीवर जातं. मी मात्र नकाशावर बोट ठेवून वाऱ्याची दिशा बघत बसते.

आमचा हिशेब सूर्यास्तापासून उलटा चालतो. जानेवारीत सव्वासहा-साडेसहाला दिवस मावळतो. पाच वाजता नांगर तळाला लागला पाहिजे, म्हणजे तो धरतो की नाही हे उजेडात कळतं. आठ तासांत ताशी चार मैलांनी बत्तीस मैल होतात. त्या टप्प्यात आम्ही तीन जागा हेरतो. एक ठरवलेली, एक तिच्या अलीकडची, वारा पडला तर, आणि एक पलीकडची. दुपारी दोनला कुठवर पोचलो हे पाहायचं आणि तेव्हाच पक्कं करायचं. चारनंतर मन हट्ट धरतं. थोडंच राहिलंय असं वाटू लागतं, आणि अंधारात अनोळखी खडपांजवळ शिरणारी बोट बहुतेक वेळा याच हट्टापायी तिथे आलेली असते.

मग पाण्याचा हिशेब. मुंबईला उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. दक्षिणेला जावं तसं हे कमी होत जातं आणि मंगळूरला मीटर-दीड मीटरवर येतं. ओहोटीला तीन मीटर पाणी असलेल्या ठिकाणी अडीच मीटर भरती धरली, नाळेची उंची मीटरभर धरली, तर साडेसहा मीटर होतात. त्याच्या पाचपट साखळी, म्हणजे तेहतीस मीटर. तेवढी सोडली की नांगरावरची ओढ आडवी पडते आणि फाळ तळात रुततो. कमी सोडली तर ओढ वरच्या दिशेने लागते आणि फाळ उचकटतो. आणि वारा फिरला की बोट साखळीच्या टोकाला वर्तुळ काढते. त्या वर्तुळात दुसरी बोट नको, खडक नको, कोळ्यांची जाळी नको. तळही पाहावा लागतो. चिखल आणि घट्ट वाळू धरतात, सपाट खडकावरून नांगर घसरतो, भेगांच्या खडकात अडकला तर निघत नाही. पूर्वी शिशाच्या वजनाला खाली चरबी फासून ते दोरीने तळाला सोडत. खोली दोरीवर कळे आणि चरबीला चिकटलेली वाळू वर येई. आज खोली यंत्र सांगतं. पण तळाचा असा स्पर्श हाताला लागत नाही, याची मला खंत वाटते.

नांगर धरला आहे की ओढला जातो आहे हे ओळखायला किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरतात, जवळचं झाड आणि मागचा कळस अशा. हे मला दादाने बसवनगुडीतच, ब्यूगल रॉकवर शिकवलं. कातळावर उभं राहून एक झाड आणि त्यामागचं शिखर जुळवायचं, मग दोन पावलं बाजूला सरकायचं. शिखर झाडाआडून लगेच बाहेर येतं. आपण हललो हे पायांना जाणवण्याआधी डोळ्यांना कळतं. रात्री मात्र या खुणा दिसत नाहीत. दिवे दिसतात, म्हणून संध्याकाळीच दोन दिवे नेमून ठेवायचे.

तरीही काणकोणच्या किनाऱ्यावरची एक रात्र मी विसरणार नाही. उत्तरेला सोंड, तळाला वाळू, पाणी आरशासारखं. हिशेबात काही चुकलं नव्हतं. मध्यरात्री खारा वारा मेला आणि मतलई अजून उठला नव्हता. मधल्या त्या तासांत बोटीला तोंड कुठे करावं हे सांगायला वाराच उरला नाही. सोंडेला वळसा घालून दूरच्या समुद्राची लाट आत येत होती. ती फार उंच नव्हती, पण बोट आडवी पडली होती आणि प्रत्येक लाटेला या कुशीवरून त्या कुशीवर कलंडत होती. डबे गडगडत होते. दोन वाजता दादाने लहान होडीतून दुसरा नांगर नेऊन मागच्या बाजूला टाकला, नाळ लाटेसमोर धरली, तेव्हा जरा डोळा लागला. आम्ही वाऱ्यापासूनचा आडोसा शोधला होता. लाट वाऱ्याने जन्मते, पण पुढे ती वाऱ्याची राहत नाही, स्वतःच्या वाटेने येते. संध्याकाळच्या शांततेवरून जागा पारखायची नाही हे मी त्या रात्री शिकले. तिथे रात्री दोन वाजता काय असेल, हे विचारायचं.

मालवणला एका जुन्या तांडेलांना आम्ही आमचा नकाशा दाखवला होता. त्यांनी खोलीच्या आकड्यांकडे पाहिलंही नाही. म्हणाले, “बाय, आत शिरतंस ता बरा. पण भायर कसा पडतलंस ता बघितलंस काय?” मालवणचं बंदर खडपांनी वेढलेलं आहे. 25 नोव्हेंबर 1664ला सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली ती याच खडपांच्या भरवशावर. वाट ठाऊक नसलेल्याला तिथे शिरणं कठीण, आणि तितकंच बाहेर पडणंही.

त्यांचा प्रश्न ऐकल्यापासून मला विजयदुर्ग वेगळा दिसतो. वाघोटन खाडीच्या मुखाशी, किल्ल्याच्या पूर्वेला असा आडोसा आहे की पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या तोडीच्या जागा थोड्या. तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथेच होतं. फेब्रुवारी 1756मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्राकडून आले आणि पेशव्यांची फौज जमिनीकडून. जहाजं किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून ठेवलेली होती. 12 फेब्रुवारीला एक पेटता गोळा पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकून आणलेल्या जहाजावर पडला आणि आग एकावरून दुसऱ्यावर गेली. पिढ्यांनी उभं केलेलं आरमार नांगरावरच जळालं, आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. या पराभवाची कारणं घरभेदापर्यंत जातात, आणि ते दुःख आपलंच आहे. पण नांगराच्या जागेपुरतं पाहिलं तर तो आडोसा पावसाळ्यापासून वाचवणारा होता आणि त्याला तोंड एकच होतं. जितकी जागा बंदिस्त, तितका तिच्या तोंडावर कोण उभं आहे हा प्रश्न मोठा.

मुक्कामाचं आणखी एक अंग आहे, जे हल्लीच्या हौशी नाविकांना सुचत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं प्रकरण आहे. पावसाळ्यात जहाजांची छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये, असं ते बजावतात. कारण कितीही शिस्त असली तरी दर्यावर्दी लोकांचा उपद्रव त्या गावाला होतोच. राज्य चालवणारा माणूस नांगराची जागा ठरवताना किनाऱ्यावरच्या घरांचा विचार करतो, हे वाचून मला भरून आलं. आपण ज्या शांत खाडीत एका रात्रीसाठी शिरतो ती कुणाचं तरी रोजचं अंगण असते. तिथे आधी होडी घेऊन काठाला जायचं, जाळी कुठे लावली आहेत ते विचारायचं, मग नांगर टाकायचा. आणि काही जागांचं नाव यादीतून काढूनच टाकायचं. वास्को द गामाने 1498च्या परतीच्या वाटेवर ज्या अंजदीव बेटाजवळ जहाजं डागडुजीला थांबवली, ते आज कारवारच्या नौदल तळाच्या हद्दीत आहे.

बसवनगुडीही अशीच निवडलेली जागा आहे. 1898च्या प्लेगच्या सुमारास दाट पेठेतून निघालेल्या लोकांसाठी इथे मोकळे रस्ते आखले गेले आणि घराघरांत अंतर ठेवलं गेलं. वारा फिरला तर प्रत्येकाला वळायला जागा हवी, हे आखणाऱ्यांना आजारपणाने शिकवलं असेल. संध्याकाळी गांधी बझारमधून फुलं घेऊन परतताना माझ्या मनात हेच असतं.

आज नकाशावर कारवारच्या उत्तरेची एक जागा उरली आहे. वायव्येला डोंगर, तळाला चिखल, ओहोटीला चार मीटर पाणी. आत जायची रेषा मी अजून आखलेली नाही. आधी पेन्सिल नांगराच्या खुणेवर ठेवली आहे आणि तिथून बाहेरची रेषा काढते आहे. पश्चिमेला, खडपांना डावीकडे ठेवून, वीस मीटर खोलीच्या पाण्यापर्यंत. अंधारातही जाता येईल अशी. शेजारी दिव्याच्या चमकण्याची वेळ लिहिली आहे. दादाला फोन लावून मतलईत ही रेषा शिडावर निभेल का ते विचारायचं आहे.