अठरा पूर्ण

तो फोटो तुम्हीही पाहिलाच असेल. मधोमध बालगृहातला मुलगा, अंगावर शाल, हातात नारळ आणि दोन्ही बाजूंनी त्याला चेपून उभे असलेले आठ मान्यवर. शाल-श्रीफळाबद्दल या स्तंभाचं मत वाचकांना पाठ आहे. उद्या कुठे राहायचं हे ज्याला ठाऊक नाही त्याला भर जूनमध्ये शाल कशाला, हे मी आता विचारत नाही. माझं बिनसलं ते फोटोखालच्या ओळीवर. ‘आता तू सज्ञान झालास, स्वतःच्या पायावर उभा राहा,’ असा आशीर्वाद प्रमुख पाहुण्यांनी दिला म्हणे.

बरं, पायांचंच बघू.

रविवारी संध्याकाळी इंदूरला भंवरकुआँच्या चौकात जरा थांबा. चहाच्या टपरीवर कोचिंगची पोरं दिसतील. कोणी पंचवीसचा, कोणी सत्तावीसचा, एखादा तिशीला टेकलेला. एमपीपीएससीचा कितवा अटेम्प्ट हे त्यांना विचारायचं नसतं. खोलीचं भाडं बाबा भरतात. मेसचं जेवण मानवत नाही म्हणून खरगोनच्या बसमधून आई तूप, लोणचं आणि लाडू पाठवते, आणि डबा उतरेपर्यंत कंडक्टरला फोनवर फोन करते. यांना कोणी पायांची आठवण करून देत नाही. उलट घरात सगळ्यांना दटावलं जातं, तो अभ्यास करतोय, त्याला त्रास देऊ नका. राजेंद्रनगरातल्या एका घरचे एकोणतीस वर्षांचे चिरंजीव मला माहीत आहेत. सकाळी दहाला उठतात आणि पोह्यांवर शेव कमी पडल्याचं आईला सांगायला स्वयंपाकघरापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत जातात. त्यांचे वडील त्या फोटोत डावीकडून तिसरे आहेत.

आपल्या पोराला तिशीपर्यंत गादी आणि दुसऱ्याच्या पोराला अठराव्या वर्षी पाय, हा कुठला न्याय? आणि तोही वर नारळ देऊन!

कायदासुद्धा इतका कोडगा नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या ४६व्या कलमात संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला पुढे आधार देण्याची तरतूद आहे, २१ वर्षांपर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत ही मुदत २३पर्यंत वाढवता येते. आपल्या मध्य प्रदेशाची २०२२ची मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजना तर २४पर्यंत जाते. इंटर्नशिपच्या काळात महिना ५,००० रुपये, आणि नीट, जेईई किंवा क्लॅटमधून प्रवेश मिळाला तर ५ ते ८ हजार, शिवाय फी सरकारची. इंग्लंडमध्ये २०१७च्या कायद्याने अशा मुलांना पंचविशीपर्यंत हक्काचा सल्लागार मिळतो. अठराव्या वाढदिवसाच्या रात्री बाराच्या ठोक्याला कुणाच्या पायांत बळ येत नाही, एवढं सरकारांनाही उमगलं. मान्यवरांना उमगायचंय.

(पैसा कुठून आणायचा, पोरं गैरफायदा घेतात वगैरे सबबीही अशा समारंभांत ऐकल्या आहेत. त्यांच्यासाठी हा कंस पुरे.)

पैसे मिळाले तरी घर मिळत नाही, ही खरी अडचण. समग्र आयडीत कुटुंबाचा आठ आकडी क्रमांक लागतो. कुटुंब कोणाचं सांगायचं? होस्टेलच्या अर्जावर स्थानिक पालकाची सही हवी. खोली भाड्याने बघायला जावं तर घरमालक गेटच्या आतूनच सांगतो, ‘पापा का आधार ले आना.’ आणि मग येते दिवाळी. धनत्रयोदशीच्या आधीच मेस बंद होते, सरवटे आणि गंगवाल स्टँडवरच्या बसेस भरून वाहतात, वॉर्डन किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत जिन्यात उभा राहतो. हा मुलगा बालगृहात फोन करतो, तर त्याच्या पलंगावर आता दहा वर्षांचा दुसराच कोणी झोपतो आहे.

घर मिळालं तर काय होतं? माला पापळकरची बातमी आपण सगळ्यांनी डोळे पुसत वाचली. जळगाव स्टेशनवर कचऱ्याच्या पेटीत सापडलेली अंध मुलगी २०२४मध्ये एमपीएससीची लिपिक-टंकलेखक परीक्षा पास झाली. प्रत्येक मथळ्यात कचऱ्याची पेटी होती. शंकरबाबा पापळकर मात्र तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात. परतवाड्याजवळच्या वझ्झरला या माणसाने तिला घर दिलं, आपलं आडनाव दिलं, आणि अठरा झाली म्हणून दार दाखवलं नाही. दिव्यांग अनाथांना अठरानंतरही संस्थेतच राहू द्या, हे ते वर्षानुवर्षं सरकारला सांगत आलेत. त्यांना २०२४मध्ये पद्मश्री मिळाली. शालीही पुष्कळ मिळाल्या असतील.

शिवाय आपल्याला अनाथ पोर आवडतं ते जिद्दीचं. त्याने नीट काढावी, कलेक्टर व्हावं, मग आपण टाळ्या वाजवू. बी.कॉम.ला पंचावन्न टक्के मिळवणारा, एका विषयात एटीकेटी लागलेला, प्रेमात पडून सेमिस्टर बुडवणारा अनाथ मुलगा आपल्याला चालत नाही. तसे आपल्या घरोघरी आहेत आणि त्यांच्यासाठी आपण मॅनेजमेंट कोटा शोधतो.

एके काळी हे आपल्याला बरं जमत होतं. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं, ते पुढे पुणे विद्यार्थी गृह झालं. संस्था नव्हती तिथे वार होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवून मुलं मॅट्रिक झाली. फार प्रेमाने वाढलं जायचं असं नाही. ताकाला पाणी किती आणि पानात वाढलं काय, याच्या कडवट आठवणी लोकांनी लिहून ठेवल्यात. तरी पोरगा मंगळवारी आला नाही तर कुणीतरी विचारायचं, आज का आला नाही? आता वार लावून जेवलेल्याचा नातू बालगृहात मुलीचा वाढदिवस करतो, केक कापतो, समोसे वाटतो आणि सेल्फी काढून निघतो. केकवरही मी एकदा स्वतंत्रपणे लिहिणार आहे.

राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर. पोरं पुण्याला नाहीतर ह्यूस्टनला, खाली म्हातारा-म्हातारी आणि वरचा मजला कुलूपबंद, अशी मराठी घरं मला फिरायला जाताना रोज लागतात. गेटवर पाटी, ‘केवल परिवार हेतु’. अशाच एका घरमालकांना परवा गाठलं. म्हटलं, कायमची नको, दिवाळीचे पंधरा दिवस वरची एक खोली बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलाला द्या आणि अर्जावर स्थानिक पालक म्हणून सही करा. ते गहिवरले. ‘फार सुंदर कल्पना आहे हो. समाजाच्या पुढच्या बैठकीत मांडूच आपण.’

बैठक भाऊबीजेनंतर आहे.