खाँसाहेबांची चूक आणि आमची

संगीत नाटकांचे वेड आम्हाला नेमके केव्हा लागले, ते सांगता येणार नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकविणाऱ्या माणसाने मराठी नाट्यपदे गुणगुणत वर्गावर जावे, याचे आमच्या सहकाऱ्यांना अजूनही नवल वाटते. "सर, हा काही आपला प्रांत नव्हे," असे ते म्हणतात. आम्ही त्यांना एवढेच सांगतो की, लखनौच्या आगा हसन 'अमानत' यांनी १८५० च्या दशकात उर्दूत 'इंदरसभा' हे गाण्यांनी भरलेले नाटक लिहिले. पारशी मंडळ्यांनी असे संगीत खेळ गावोगाव नेले, आणि १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले त्यामागेही अशाच खेळांची प्रेरणा होती. पुढे गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष होते. आपला प्रांत कोणता आणि परका कोणता, हे ठरविणे इतके सोपे नाही.

या नाटकांविषयी आमची काही ठाम मते आहेत. बोलणे अपुरे पडेल तेथेच गाणे यावे. 'वन्समोअर'च्या हौसेपायी कथानक खोळंबून राहिले, की ती मैफल होते, नाटक राहत नाही. या कसोटीला पुरेपूर उतरणारे नाटक म्हणजे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली'. ते १९६७ साली रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे होते आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे होते. आम्ही बी.एड.ला असताना त्यांचे नातू राहुल देशपांडे ती भूमिका करीत. परतीची शेवटची एस.टी. चुकली, रात्र स्टँडवर काढली, पण त्याचे काही वाटले नाही.

नाटकातील खाँसाहेब अनेक वर्षांच्या अपयशानंतर राजगायक होतात. पंडितजींकडे शिकायला आलेला सदाशिव त्यांच्या हवेलीत राहून, चोरून ऐकून त्यांची गायकी उचलतो. खाँसाहेब त्याला विद्या द्यायला तयार नसतात. अखेरीस त्यांना जिंकते ते सदाशिवाचे गाणे. तेथे युक्तिवादाने काही झाले नसते.

आमच्या एका मित्राला हे नाटक सलते. विद्या अडवून धरणारा नेमका मुसलमानच का, असे तो विचारतो. २०१५ च्या चित्रपटात तर खाँसाहेब अधिकच कठोर झाले. मित्राचा प्रश्न गैर नाही. इतिहास पाहिला तर मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी सवाई गंधर्वांना घडविले. ते संगीत नाटकांतून गाजले आणि पुढे त्यांच्याकडे भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल शिकल्या-घडल्या. अल्लादिया खाँसाहेबांनी भास्करबुवा बखल्यांना तालीम दिली, आणि त्याच बुवांनी १९१६ च्या 'स्वयंवर'ला चाली दिल्या. म्हणजे उस्तादांनी हात आखडला असता, तर मराठी नाट्यसंगीत आहे तसे उभेच राहिले नसते.

मित्राला हे उत्तर पटते. आम्हालाही पटत होते. पण ते सोयीचेही होते, कारण त्यामुळे खाँसाहेबांच्या चुकीकडे स्वतःची चूक म्हणून पाहण्याची गरज उरत नव्हती.

काही वर्षांपूर्वी आम्ही शिष्यवृत्ती परीक्षेसाठी गणिताच्या सरावपत्रिका तयार केल्या होत्या. दोन उन्हाळ्यांची मेहनत होती ती. शेजारच्या मराठी शाळेतील एक बाई त्या मागायला आल्या. "सर, आकडे मला कळतील. मजकूर तुम्ही मराठीत सांगा, मी लिहून घेते," त्या म्हणाल्या. आम्ही म्हणालो, "घरी आहेत, शोधून ठेवतो." पत्रिका आमच्या टेबलाच्या खणातच होत्या. बाई आणखी दोनदा आल्या, मग यायच्या थांबल्या.

मनात हिशेब साधा होता. आपली मुले आधीच मागे आहेत, घरी शिकवायला कोणी नाही, शिकवणीला पैसा नाही. एवढीशी आघाडी मिळाली आहे, तीही वाटून टाकायची? त्या दिवशी आम्हाला हे स्वार्थासारखे वाटले नाही, कौमवरील निष्ठेसारखे वाटले. खाँसाहेबांनाही घराण्यावरची निष्ठाच वाटली असेल.

विद्या दिल्याने कमी होत नाही, हे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. ते खरे आहे, पण अर्धेच. विद्या कमी होत नाही, तिच्यामुळे मिळणारी जागा मात्र वाटली जाते. दरबारात राजगायक एकच असतो, आणि शिष्यवृत्त्याही मोजक्याच असतात. म्हणून उदारपणाचे गोडवे गाणाऱ्याने त्याची किंमतही सांगितली पाहिजे. ही किंमत पुष्कळदा ज्यांच्याकडे आधीच थोडे आहे, त्यांनाच अधिक जड जाते.

तरीही आमचे उत्तर आता ठरले आहे. जागेसाठी झगडावे, हक्कासाठी अर्जफाटे करावेत, आपल्या मुलांवर दुप्पट मेहनत घ्यावी. विद्या मात्र अडवू नये, कारण ती मुळात आपली नसते. आम्हाला गणिताची गोडी लावली ती एका मराठी गुरुजींनी, शाळा सुटल्यावर ओट्यावर बसवून, एक पैसाही न घेता. त्यांनी आम्हाला 'हा आपला की परका' असे विचारले असते तर? त्यांच्याकडून आलेले आमच्याकडे अमानत म्हणून होते. अमानत खणात कुलूपबंद करून ठेवणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते वाचकांना सांगायला नको.

पुढच्या जूनमध्ये आम्ही पत्रिका घेऊन स्वतः त्या शाळेत गेलो. बाईंची बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या शिक्षकांजवळ बसून आम्ही तीन संध्याकाळी मजकूर मराठीत सांगितला, त्यांनी लिहून घेतला. त्या वर्षीची मुले मात्र केव्हाच परीक्षा देऊन गेली होती.