विंचवाचं बिऱ्हाड

आरव्हीतल्या टाकीची पातळी दाखवणाऱ्या चार दिव्यांपैकी तिसरा विझला आणि भांडी विसळणारा माझा हात आपोआप आखडला. ताट आधी कागदाने पुसायचं, मग वाटीभर पाण्यात फिरवायचं, हे इथे दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

इथे म्हणजे अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला. गावची वस्ती अडीच हजारांच्या आत. पण हिवाळ्यात शेजारच्या ला पोसा या सरकारी माळावर चाकांची घरं हजारोंनी येऊन उतरतात. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल परवाना घेऊन राहायचं, जागेवर नळ नाही की वीज नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच. रात्री बाहेर पाऊल टाकताना खरा विंचूही आठवतो, ते वेगळं.

गावच्या दफनभूमीत दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे, टोकावर धातूचा उंट. खाली हाजी अली. गोऱ्या सैनिकांच्या जिभेवर त्याचं ‘हाय जॉली’ झालं, आणि तेच नाव टिकलं. 1855 साली अमेरिकन काँग्रेसने सैन्यासाठी उंट आणायला 30,000 डॉलर मंजूर केले. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात टेक्ससच्या इंडियनोला बंदरात 34 उंट उतरले, सोबत हा उंटवान. 1857 मध्ये एडवर्ड बील 25 उंट घेऊन कोलोरॅडो नदीपर्यंत गाडीरस्ता आखत गेला. खेचरं जिथे हटून बसत, तिथे उंट काटेरी झुडपं चघळत ओझी वाहत राहिले. तरी प्रयोग बारगळला. उंटाच्या वासाने खेचरं बुजत, खेचरवाले वैतागत. पुढे यादवी युद्ध पेटलं, आणि उंट आणवणारा युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस बंडखोर राज्यांचा अध्यक्ष होऊन बसला. उंट नापास झालेच नाहीत, परीक्षकच उठून गेले. हाजी अली मात्र याच भागात राहिला, 1902 मध्ये इथेच वारला. 1935 मध्ये त्याची समाधी बांधली ती राज्याच्या महामार्ग खात्याने. रस्तेवाल्यांनी वाटाड्याचं ऋण मानलं म्हणायचं.

हा मुलूख तेव्हा ‘फ्रंटियर’ होता. चौरस मैलाला दोन माणसांहून कमी वस्ती म्हणजे सरहद्दीपलीकडचा प्रदेश, असा जनगणनेचा हिशेब. 1890 मध्ये ती रेघ आता काढता येत नाही असं जाहीर झालं आणि 1893 साली फ्रेडरिक जॅक्सन टर्नरने त्यावर इतिहासाचा सिद्धांत उभारला. पण कोलोरॅडोच्या काठी पुराच्या गाळात मका नि भोपळा पिकवणाऱ्या मोहावी आदिवासींना आपण कुठल्या कडेला राहतो असं कधी वाटलं असेल? त्यांच्या घराचा तो मध्यच होता. हे गावसुद्धा टायसन नावाच्या माणसाच्या विहिरीभोवती, टपालगाड्यांच्या थांब्यापाशी वसलं. वाळवंटातली सरहद्द मला माणसांच्या मोजणीत दिसत नाही. पाणी कुठे आहे हे ठाऊक असलेले आणि नसलेले, यांच्यामधली ती रेघ.

त्या रेघेच्या कुठल्या बाजूला मी? टाकीत दीडशे लिटर भरून आलो म्हणजे वाळवंट ओळखलं असं होत नाही. उंटही पाणी भरून घेतो. पण संपलं की कुठे जायचं हे त्याच्या हाजी अलीला ठाऊक असायचं.

आता दुसरा दिवा मिणमिणतोय. सकाळी पाणी भरायला निघायचं. वाट फोन दाखवील, म्हणून तो आत्ताच चार्जिंगला लावून ठेवला आहे.